जाणारी तार, येणारी तार

३ फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार. कोरडा आहे, पण आहे. फोनवर तिसऱ्या वाक्याला आपलं भांडण होतं आणि चौथ्याला कुणीतरी फोन आपटतं, तेव्हा यापुढे जे काय ते कागदावर, असं तूच म्हणालास. तर घे कागद.

तू सुट्टीत येऊन टाकीला जे मशीन बसवून गेलास ते उत्तम चाललं आहे. टाकी रिकामी झाली की मोटर आपोआप सुरू होते, भरली की बंद. मोटरचं बटण दाबायला मला आता जिन्याखाली धावावं लागत नाही. आई येणाऱ्याजाणाऱ्याला तो डबा दाखवते, त्यावरचे लाल आकडे दाखवते आणि "माझ्या मुलानं स्वतः केलंय" असं सांगते. मी रोज तिचे पाय चेपते, ते कुणाला दाखवण्यासारखं नाही. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय.

पण एक नवीनच सुरू झालं आहे. तू गेलास त्यानंतर लगेच तिला कानातलं यंत्र बसवलं. तेव्हापासून ती म्हणते, माझ्या खोलीत काहीतरी चालू असतं. काय, असं विचारलं तर म्हणते, कुणीतरी शिलाई मशीन चालवतंय. थोडं शिवतं, थांबतं, परत शिवतं. मी खोलीत जाऊन उभी राहिले, भिंतींना कान लावले, पलंगाखाली वाकून पाहिलं. काही नाही. शेजारी शिवण करणारंही कुणी नाही, त्यांच्याकडे तर सुईसुद्धा आपल्याकडून जाते.

आणि कानातल्या यंत्राचा उपयोग म्हणशील तर शून्य. मी बोलते तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत बसते. मग मी आवाज चढवते, मग ती म्हणते, "एवढं चिडायला काय झालं?" यंत्र बसवणाऱ्या कानाच्या बाईंना फोन केला तर म्हणाल्या, सवय व्हायला वेळ लागतो.

तुझा धंदाच नको त्या आवाजांचा. हे काय असेल ते सांग.

तुझी,
धाकटी


११ फेब्रुवारी

धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझा नमस्कार कोरडा मिळाला. माझे आशीर्वाद ओले आहेत, उन्हात घालून वापर.

माझा धंदा नको त्या आवाजांचा हे तू आयुष्यात पहिल्यांदा बरोबर सांगितलंस. फक्त ते आवाज माणसाला ऐकू येत नाहीत. बोर्डावरची चिप सेकंदाला लाखो वेळा हो-नाही, हो-नाही करत असते. प्रत्येक वेळी थोडा करंट बाहेर जातो आणि गेलेल्याला परत यावंच लागतं. जाणारी आणि येणारी वाट शेजारी शेजारी असली की दोघी एकमेकींचा गोंगाट जिरवतात. येणारीला लांबचा वळसा पडला, की त्या वळशाच्या आतली सगळी जागा अँटेना होते आणि बोर्ड बोंबलायला लागतो. मग कुणाचा रेडिओ खरखरतो, कुणाचा वजनकाटा भलतंच वजन दाखवतो. कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवतो: जाणारी जिथून गेली, येणारी तिथूनच आली पाहिजे. इथे मला सगळे "येणारी-जाणारी" म्हणूनच ओळखतात, माझ्या पाठीमागे.

आमच्याकडे चाचणीसाठी पत्र्यानं मढवलेली एक खोली आहे. मागची एक लॉट त्या खोलीत सपशेल नापास झाली. घाईघाईत बोर्डाचं तांब्याचं पान, म्हणजे येणारीची वाट, मधोमध कापलेलं, आणि तार जिथून बाहेर पडते तिथे फिल्टर लावायचाच राहिलेला. साहेब म्हणाले, भंगारात टाका. पण बोर्ड काम चोख करतात, फक्त आरडाओरडा करतात, आणि तोही कुणाला न ऐकू येणारा. म्हणून इथे रिवाज आहे, नापास माल आम्ही आपापसांत वाटून घेतो. कुणी जिन्यातल्या दिव्याला लावतो, कुणी आणखी कशाला. मी स्वतः तर त्या पत्र्याच्या खोलीवर फार विसंबतही नाही. जुना रेडिओ घ्यायचा, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेवर लावायचा आणि बोर्डाजवळ न्यायचा. रेडिओ कुणाची भीड ठेवत नाही.

आता आईचं. कान गेले की मेंदू रिकाम्या जागा स्वतःच भरू लागतो, असं इथले डॉक्टर म्हणाले. वय झालं तिचं. तुला ते रोज समोर असल्यामुळे दिसत नाही, मला लांबून दिसतं. तिला मनाच्या डॉक्टरकडे ने. लोक काय म्हणतील याचा विचार करू नकोस. आणि साप साप म्हणून भुई धोपटू नकोस.

मशीनबद्दल चार चांगले शब्द लिहिलेस, तेवढा भाग तुझ्या वहिनीला वाचून दाखवला.

तुझा,
दादा


२ मार्च

ती. दादास,

नेलं तिला. डॉक्टर तरुण होते, चांगले होते, घाईत होते. मी तिच्या कानाशी ओरडून त्यांचे प्रश्न सांगत होते आणि बाहेर बसलेल्या सगळ्यांना कळत होतं की आमच्या आईला आवाज येतात. डॉक्टरांनी विचारलं, तो आवाज काही बोलतो का? काही करायला सांगतो का? आई म्हणाली, "बोलत नाही हो. त्याचं त्याचं काम करत असतं." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि गोळ्या दिल्या.

गोळ्यांनी ती दिवसभर झोपाळते. काल कपातला चहा मांडीवर सांडला तरी तिला चटकन कळलं नाही. भाजलं नाही, कारण चहा निवला होता, कारण ती कप हातात घेऊन केव्हाची बसली होती. आवाज आहे तो आहेच. फक्त आता ती त्याच्याबद्दल भीतभीत बोलते.

तिचं म्हणणं, मला बाहेरच्या खोलीत झोपू दे, तिथे काही ऐकू येत नाही. बाहेरच्या खोलीत नाही, स्वयंपाकघरात नाही, फक्त तिच्याच खोलीत. मी डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, असं होतं, एखाद्या जागेची भीती बसते.

दादा, खरं सांगू? परवा मी तिच्यावर ओरडले. "कुणी शिवत नाहीये, तुझ्या डोक्यात शिवतंय" असं म्हणाले. ते मात्र तिला नेमकं ऐकू गेलं. ती मलाच म्हणाली, "तुला माझा फार त्रास होतो ना गं." यावर काय उत्तर द्यायचं असतं ते तू लांबून सांग.

तिला बाहेर झोपवू का? तुझं म्हणणं काय?

धाकटी


९ मार्च

धाकटीस,

कामाच्या रगाड्यात आहे, थोडक्यात लिहितो.

बाहेरच्या खोलीत मुळीच नको. आज खोली बदललीस तर उद्या ती घर बदलायला सांगेल. भ्रमाचे लाड करायचे नसतात. गोळ्या चालू ठेव, झोपाळणं कमी होईल.

इथे जवळच वयस्कर माणसांची काळजी घेणारी एक जागा आहे. स्वच्छ आहे, परिचारिका असतात. मी चौकशी करून ठेवली आहे. तुझ्या एकटीच्या अंगावर सगळं पडतं हे मला कळतं, तू कितीही म्हणालीस की कळत नाही, तरी. आणखी महिनाभर बघू, नाहीतर तिला तिकडे ठेवू. तुझी हरकत नसावी.

दादा


२८ मार्च

दादा,

हरकत आहे.

गेल्या आठवड्यात दुपारी वीज गेली. मी आईच्या खोलीत तिचं कपाट आवरत होते. पंखा थांबला आणि आई पलंगावरून म्हणाली, "थांबलं बघ." मला वाटलं, पंख्याबद्दल बोलतेय. ती म्हणाली, "पंखा नाही गं, ते." बऱ्याच वेळानं वीज आली आणि तिनं माझ्याकडे न बघता बोट वर केलं. सुरू झालं, या अर्थानं.

माझ्या डोक्यात घंटा वाजायला एवढं पुरलं. आईच्या डोक्याला विजेची तार जोडलेली नाही, एवढं मला डॉक्टर न होताही कळतं. माळ्यावरचा जुना रेडिओ काढला, नवे सेल घातले, तुझ्या पत्रात लिहिल्याप्रमाणे दोन स्टेशनांच्या मधे लावला. स्वयंपाकघरात नुसती खरखर. बाहेरच्या खोलीत खरखर. आईच्या खोलीचा उंबरा ओलांडला आणि रेडिओ शिवायला लागला. थोडं शिवायचा, थांबायचा, परत शिवायचा. मी उभ्या उभ्या रडले. आई विचारत होती काय झालं म्हणून.

मग रेडिओ घेऊन भिंतीभिंतीनं फिरले. आवाज तारेबरोबर चालत होता. तुझ्या डब्यातून टाकीकडे जाणारी तार आईच्या पलंगामागच्या भिंतीवरून वर गेली आहे. आणि परत येणारी तार तू घातलीच नाहीस. दाराच्या घंटीची जुनी तार भिंतीत पडून होती, तिलाच जोडून मोकळा झालास. ती तार कुठून येते माहीत आहे? खोलीच्या उरलेल्या तिन्ही भिंतींवरून. आई त्या वळशाच्या बरोबर मधे झोपते.

जाणारी जिथून गेली, येणारी तिथूनच आली पाहिजे. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

आता एकच विचारते, आडवळणं न घेता सांग. तू तुझ्या आईच्या घरात बसवलेला बोर्ड त्या नापास लॉटमधला आहे ना?

डबा मी बंद करून ठेवला आहे. जिन्याखाली धावते आहे. आवाज थांबला आहे.


६ एप्रिल

धाकटीस,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. मजकुरापेक्षा सुराचं जास्त. तू मला पकडायला टपलेलीच होतीस असं वाटतं.

हो, त्या लॉटमधला. पण तो टाकून दिलेला माल नव्हे. काम करतो की नाही? आईच्या खोलीत रेडिओ नाही, टीव्ही नाही. तिथे बोर्डानं कितीही आरडाओरडा केला तरी ऐकायला कोण आहे, असा माझा साधा हिशेब होता. मी बसवलं तेव्हा तिला कानातलं यंत्र नव्हतं. त्या यंत्रात तारेचं एक बारीक वेटोळं असतं, ते भिंतीतल्या तारेचा गोंगाट पकडत असणार. हे मला आधी कुठून कळावं? घंटीच्या तारेचं म्हणशील तर भिंत फोडली असती तर तूच बोंबलली असतीस. अंगण वाकडं म्हणायचं तर तुझ्या घरातलं अंगण खरंच वाकडं आहे.

असो. दुरुस्ती मला ठाऊक आहे. तांब्याचं पान अखंड ठेवायचं. चिपच्या पायांना चिकटून कपॅसिटर बसवायचे, लांब नाही. तार बाहेर पडते त्या तोंडाशीच फिल्टर, म्हणजे आतला गोंधळ आतच राहतो. आणि दोन्ही तारा वेणीसारख्या एकमेकींत गुंफून एकाच वाटेनं न्यायच्या. मी स्वतः नवा बोर्ड करून पाठवतो.

गोळ्या डॉक्टरांना विचारून हळूहळू बंद कर. त्या जागेचा विषय सोडून देऊ.

एक विनंती आहे. आईला यातलं काही सांगू नकोस. तिच्या मनात त्या डब्याबद्दल जे आहे ते राहू दे. तिला उगाच कशाला.

दादा


२९ एप्रिल

धाकटीस,

तुझं उत्तर नाही. रागावली आहेस, रागाव. पण या पार्सलवर राग काढू नकोस.

नवा बोर्ड पाठवला आहे, सोबत गुंफलेली तार. सुट्टीच्या दिवशी जाऊन केला, एकेक भाग स्वतः लावला. पत्र्याच्या खोलीत ठेवला तर मीटरचा काटा जागचा हलला नाही. साहेब म्हणाले, हा चालू तरी आहे का? मी रेडिओ अगदी चिकटवून पाहिला, निपचित. इतक्या वर्षांत माझ्या हातून इतका शांत बोर्ड झाला नव्हता. इलेक्ट्रिशियनला बोलावून लावून घे. जुनी घंटीची तार उपटून फेकायला सांग.

आईचा आवाज ऐकून बरेच दिवस झाले. लावल्यावर कळव.

दादा


१४ मे

ती. दादास,

उशीर झाला, कारण काय लिहावं हे ठरत नव्हतं. अजून ठरलेलं नाही.

तू सांगितलंस तसं मी आईला काही सांगितलं नाही. डबा बंद होता, आवाज बंद होता. आई खूश. आल्यागेल्याला सांगू लागली, "गोळ्यांचा गुण आला. माझ्या मुलानं लांबून ओळखलं आणि डॉक्टर गाठायला लावला. ही तर मलाच वेडी ठरवत होती." ही म्हणजे मी. तेही मी गिळलं. पण डॉक्टरांनी गोळ्या कमी करायला सांगितल्या तर ती करू देईना. मुलानं सुचवलेल्या गोळ्या, त्या कशा सोडायच्या. अर्धी गोळी दिली की उरलेली अर्धी मागून घ्यायची आणि दुपारी मान टाकून बसायची. मग मात्र मी ठरवलं की तुझी अब्रू राखायला मी माझी आई झोपवून ठेवणार नाही.

आधी तिला कानाच्या बाईंकडे नेलं, म्हटलं सगळं तपासून घ्यावं. त्यांनी यंत्र हातात घेतलं, कडेची बारीक खुंटी पाहिली आणि मला विचारलं, ही कायम अशीच असते का? त्या खुंटीला दोन जागा आहेत, दादा. एक माणसांच्या बोलण्याची आणि एक फोनची. फोनच्या जागेवर ठेवली की यंत्र फक्त फोन ऐकतं, आणि फोनसारखंच जे काही तारेतून येईल ते. समोरच्या माणसाचं बोलणं बंद. आईची खुंटी यंत्र बसवल्याच्या दिवसापासून फोनवर होती.

मी तिच्या कानाशी ओरडून विचारलं, आई, अगं का? ती म्हणाली, "त्याचा फोन आला तर? ती खुंटी बोटांना लवकर सापडत नाही. तोवर तो ठेवून दिला तर?"

तुझा फोन. जो आपण दोघांनी भांडून बंद करून टाकला होता. आणि मी इतके महिने तिच्या समोर बसून बोलत होते, ओरडत होते, तिला जेवायला हाका मारत होते, ते सगळं तिच्या कानाबाहेर. मी तिला हट्टी म्हणत होते. मला वाटायचं, ही माझं मुद्दाम ऐकत नाही. मुद्दामच होतं म्हणा.

बाईंनी खुंटी बोलण्यावर करून दिली. घरी येताना रस्त्यात आई माझ्याशी नीट बोलली, मी हळू बोलले तेही तिला कळलं. किती दिवसांनी. घराचं दार उघडेपर्यंत ते चाललं. आत आल्यावर तिनं चपला काढल्या आणि खुंटी फिरवली.

त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. कागदावर लिहिलं, कारण आता तेवढीच वाट उरली होती. आवाज खरा होता, तू वेडी नव्हतीस, दादाच्या मशीनचा होता, आणि मशीन नापास झालेलं होतं हे त्याला ठाऊक होतं. मोठ्या अक्षरांत लिहिलं. मला तिला तुझ्यावर चिडलेली बघायचं होतं. होय, बघायचं होतं.

तिनं दोनदा वाचलं. म्हणाली, "म्हणजे ते त्याच्या मशीनचं होतं?"

मी मान हलवली.

"सगळे दिवस?"

मी मान हलवली.

ती खिडकीकडे बघत बसली. मी वाट बघत होते. मग म्हणाली, "आणि मी त्याला घाबरत होते. त्याचा फोन येत नाही, आता तेही येत नाही. परत लाव."

मी तुझा नवा बोर्ड दाखवला. लिहून सांगितलं की हा दादानं मुद्दाम तुझ्यासाठी केलाय, याचा अजिबात आवाज नाही. तिनं तो हातात घेतला, कौतुकानं फिरवून बघितला आणि पुन्हा मलाच दिला. "हा नको. याचं काही ऐकू येणार नाही. जुनाच लाव."

मी दोन दिवस ऐकलं नाही. तिनं जेवण टाकलं. जन्मभर आपण दोघं जे करून तिच्याकडून हवं ते घ्यायचो तेच तिनं केलं. तिसऱ्या दिवशी मी जुना बोर्ड जोडला. घंटीची तार तिनं उपटू दिली नाही. तिनं कानाला हात लावला आणि हसली. गोळ्या मात्र आपणहून बंद केल्या. म्हणाली, मला काय झालंय?

आता ती पलंगावर बसलेली असते, खुंटी फोनवर. तुझं मशीन थोडं शिवतं, थांबतं, परत शिवतं, आणि ती ऐकते. मी जेवायला हाक मारत नाही, जाऊन खांद्याला हात लावते.

तुला फोन करायचा असेल तर कर. मी उचलणार नाही, तिला उचलायला लावीन.

तुझा शांत बोर्ड या पत्राबरोबर परत पाठवते आहे. चांगला झाला आहे. इथे तो कुणालाच नको आहे.

धाकटी